खार जमिनीत ढोबळी मिरची : आधी निचरा, मग अर्क

तुडीलकडील ज्या शेतांत सावित्रीच्या खाडीचे खारे पाणी शिरते, तेथे ढोबळी मिरचीसाठी आधी समुद्रशेवाळाचा अर्क विकत घेणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. जैव-उत्तेजके २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली, हे योग्यच झाले. परंतु ती रोपास ताण सोसण्यास फार तर साहाय्य करतात, जमिनीतील क्षार काढीत नाहीत. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता दर मीटरला १.५ डेसीसायमनच्या वर गेली की पुढील प्रत्येक एककास मिरचीचे उत्पन्न सुमारे १४ टक्के घटते. म्हणून शेतकरी बंधूंनी प्रथम माती तपासावी, बांध राखावा, चर खणून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. नंतर गादीवाफा, शेणखत व पेंढ्याचे आच्छादन द्यावे. पालाशासाठी म्युरिएटऐवजी सल्फेट वापरावे. अर्क शेवटी, तोही चार वाफ्यांवर अजमावूनच घ्यावा.