गडावरची एक रात्र

“पन्हाळ्यास मुक्काम कशाला? सायंकाळीं परत या,” असा काकांचा अभिप्राय पडला. जयसिंगपुराहून कोल्हापुरापर्यंत आगगाडी, पुढें अवघे २० किलोमीटर एस. टी.; अंतर तें किती! परंतु १७२९ सालीं मोरोपंत जेथें जन्मले तो गड मातोश्रींस पाहावयाचा होता, आणि तीन दरवाजा, अंधारबाव व सज्जाकोठी हें सारें त्यांच्या गुडघ्यांस एका दिवसांत झेपणारें नव्हतें. म्हणून आम्ही एका साध्याच हॉटेलांत उतरलों. दोन खाटा, पाण्याचा तांब्या, आणि ढग सरळ आंत यावेत अशी खिडकी. ऊन पाणी मात्र अर्धी बादलीच; तें आम्हीं बोलूनही दाखविलें.

रात्रीं मालकीणबाईंनीं स्वतः पिठलें-भाकरी वाढली. परक्या हातचें अन्न मातोश्रींनीं आजवर घेतलेलें नाहीं. पानावर त्या क्षणभर थांबल्या. आमचाही घास हातांतच राहिला. मग त्यांनीं चित्राहुती घातल्या.

बाहेर पाऊस कोसळत होता. १६६० च्या जुलैंत अशाच पावसांतून महाराज वेढा चुकवून विशाळगडाकडे निघाले, हें आम्ही सांगूं लागलों, तों मातोश्री म्हणाल्या, “तें ठाऊक आहे. भाकरी अर्धी आणखी मिळेल का, विचार.”