घर एक, ओसऱ्या अनेक

वहीच्या पानावर संगणकाच्या पडद्याचे चित्र काढा असे तुम्हाला सांगितले, तर बहुतेकजण काय काढतील याचा अंदाज करणे अवघड नाही. तळाशी एक आडवी पट्टी, पट्टीवर एक बटण, डाव्या कडेला दोन-चार लहान चित्रे आणि त्यांत एक कचऱ्याची टोपली. शाळेत, बँकेत, तलाठी कार्यालयात हेच दृश्य दिसते. त्यामुळे संगणक म्हणजे असाच असायचा, अशी आपली समजूत होऊन बसते.

लिनक्स वापरू लागणाऱ्याच्या या समजुतीला पहिला धक्का बसतो. तुला कोणता पडदा हवा, असे त्याला विचारले जाते. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सक्यूटी अशी नावांची रांगच समोर उभी राहते. गोंधळून तो जाणत्यांना विचारतो, "यांतले सर्वांत चांगले कोणते?" आणि ज्याला विचारावे तो स्वतःच्या आवडीचे नाव ठणकावून सांगतो.

मला वाटते, या प्रश्नाचे तयार उत्तर कोणाकडूनही घेऊ नये. त्यातला काही भाग मोजून ठरवण्यासारखा आहे, काही भाग सवयीचा आहे आणि काही निव्वळ आवडीचा. हे तीन भाग एकमेकांपासून वेगळे काढता येणे हे विज्ञान शिकणाऱ्याला आलेच पाहिजे. शाळेतील संगणकावर या गोष्टीचा अभ्यास फार सोप्या रीतीने करता येतो.

ओसरी म्हणजे काय?

जुन्या घराला जोते असते, माजघर असते, स्वयंपाकघर असते. पण आल्यागेल्याला प्रथम दिसते ती ओसरी. लिनक्सचेही तसेच आहे. जोत्याच्या जागी त्याचा गाभा असतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो जगापुढे ठेवला. यंत्राची स्मृती निरनिराळ्या कामांना वाटून देणे, डिस्कवर माहिती लिहिणे, की-बोर्डवरचे कोणते बटण दाबले गेले ते ओळखणे, ही कामे हा गाभा करतो. त्याच्या आधाराने इतर अनेक आज्ञावली चालतात. त्यांतील पुष्कळशा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आल्या आहेत. या सर्वांच्या पुढे, तुमच्या डोळ्यांसमोर खिडक्या, पट्ट्या, याद्या आणि चित्रे मांडणारा जो आज्ञावलींचा संच असतो, त्याला 'डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट' म्हणतात. आपण त्याला नुसते डेस्कटॉप म्हणू.

विंडोज किंवा मॅक घेतले की घराबरोबर ओसरीही ठरून येते. लिनक्समध्ये ती बदलता येते, आणि बदलली तरी घर हलत नाही. तुमचे निबंध, चित्रे, गणिते जागच्या जागी राहतात. एकाच यंत्रावर दोन-तीन डेस्कटॉप बसवून, आत शिरताना हवा तो निवडताही येतो.

नापसंतीतून जन्मलेले पडदे

इतके डेस्कटॉप मुळात झाले कशासाठी? त्यांचा इतिहास पाहिला तर बहुतेकांच्या मुळाशी कोणाची तरी नापसंती सापडते.

१९९६ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचा विद्यार्थी मथियास एट्रिख याला एक गोष्ट खटकली. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाचे वळण निराळे होते. एकाची यादी एका जागी, दुसऱ्याची भलतीकडेच. सामान्य माणसाने हे सारे लक्षात ठेवायचे तरी कसे? त्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी इतरांना मदतीचे आवाहन केले. त्यातून केडीई उभे राहिले. पण ते क्यूटी नावाच्या ज्या साधनसंचावर बांधले होते, त्याचा परवाना त्या वेळी पूर्णपणे मुक्त नव्हता. ही गोष्ट मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांना मान्य नव्हती. त्यांनी १९९७ साली ग्नोम सुरू केले. पुढे २००० साली क्यूटी मुक्त परवान्याखाली आले आणि भांडणाचे कारण संपले. तरी दोन्ही डेस्कटॉप टिकले. कारण तोपर्यंत प्रत्येकाचा स्वभाव तयार झाला होता आणि त्या स्वभावाची माणसे त्याला मिळाली होती.

२०११ साली ग्नोमने आपली तिसरी पिढी आणली. खालची पट्टी गेली. खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही नेहमीच्या जागेवरून नाहीशी झाली. ज्यांना हे रुचले नाही त्यांनी नुसती कुरकुर केली नाही. काहींनी जुने ग्नोम पुढे चालू ठेवले, तेच माटे. लिनक्स मिंट या संचाच्या मंडळींनी नव्या पायावर जुनी मांडणी उभी केली, ते सिनॅमन. मूळ लेखन सर्वांना खुले असल्यामुळेच हे शक्य झाले. नावडलेली गोष्ट दुरुस्त करण्याचा हक्क असला की तक्रारीतून नवी वस्तू निर्माण होते.

आता खुद्द टॉरवाल्ड्स यांचेच पाहा. २००५ साली त्यांनी लोकांना ग्नोमऐवजी केडीई वापरण्याचा सल्ला दिला. २००८ साली केडीईची चौथी पिढी आली. ती न पटल्याने ते ग्नोमकडे गेले. २०११ च्या ग्नोमवर त्यांनी कडक टीका केली आणि एक्सएफसीई धरले. २०१३ मध्ये ते पुन्हा ग्नोमवर परतले. लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्या माणसालाही 'सर्वांत चांगला डेस्कटॉप' एकदाच कायमचा ठरवता आला नाही. यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. डेस्कटॉप बदलले, कामे बदलली, तशी निवडही बदलली.

मोजता येते ते मोजा

मग सारे आवडीवरच सोडायचे का? नाही. काही गोष्टी निश्चित मोजता येतात.

पहिली गोष्ट रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची. संगणक सुरू करा, कोणताही कार्यक्रम न उघडता दोन मिनिटे थांबा आणि किती स्मृती उपलब्ध आहे ते पाहा. ती दाखवणारा कार्यक्रम बहुतेक डेस्कटॉपमध्ये असतोच. प्रत्येक डेस्कटॉपसाठी हा प्रयोग तीनदा करा आणि सरासरी काढा. येथे एक सावधगिरी हवी. लिनक्स रिकामी स्मृती वाया जाऊ देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तीत तात्पुरत्या ठेवतो आणि गरज पडताच ती जागा सोडून देतो. म्हणून 'वापरलेली' स्मृती किती यापेक्षा 'उपलब्ध' किती हा आकडा महत्त्वाचा.

या प्रयोगात एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ग्नोमपेक्षा हलके आहेत असे सामान्यतः दिसेल. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. आता ब्राउझर उघडून आठ-दहा पाने उघडा आणि पुन्हा मोजा. डेस्कटॉप-डेस्कटॉपमधील फरकापेक्षा ब्राउझरचीच भूक मोठी असल्याचे ध्यानात येईल. २ गिगाबाइट स्मृतीच्या जुन्या यंत्रावर हलका डेस्कटॉप हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ८ गिगाबाइटच्या यंत्रावर तोच फरक जाणवतही नाही. म्हणजे 'हलका तो चांगला' हे विधान यंत्र कोणते ते सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

दुसरी गोष्ट हाताच्या हालचालीची. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक साधा प्रयोग केला. धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोकदार कांडी टेकवायची. पट्ट्यांची रुंदी आणि त्यांतील अंतर बदलत जायचे. अंतर वाढले की वेळ वाढतो, लक्ष्य रुंद झाले की वेळ घटतो, हा संबंध त्याने गणिती सूत्रात बसवला. हेच सूत्र माऊसलाही लागू पडते. पडद्याच्या कडेला बाण आपोआप थांबतो, त्यामुळे कडेला चिकटून असलेले बटण प्रत्यक्षाहून मोठे असल्यासारखे वागते. कोपरा तर सर्वांत सोपा. ग्नोममध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता बाण नेला की सगळ्या खिडक्या समोर येतात, त्यामागे हाच हिशेब आहे. एकाने स्टॉपवॉच धरायचे व दुसऱ्याने माऊस, अशी जोडी करून कडेचे बटण आणि मधले बटण यांची तुलना तुम्ही वर्गातच करू शकता.

तिसरी गोष्ट गरजेची. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवणारा ऑर्का हा कार्यक्रम ग्नोम प्रकल्पाचा आहे. त्याच्यासाठी ग्नोम किंवा माटे निवडणे ही हौस होत नाही. या कार्यक्रमाला आवाज पुरवणाऱ्या ईस्पीक एनजी या साधनाला मराठीही येते. अशा ठिकाणी ज्याची गरज आहे त्याचा शब्द अखेरचा मानावा.

सवय आणि आवड

यानंतर उरतो तो भाग अधिक फसवा. कारण सवय ही नेहमी 'स्वाभाविक' या नावाने वावरते. पडद्यावर फाइल आणि फोल्डर असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण ही कल्पना अमेरिकेतील कचेरीच्या टेबलावरून उचललेली आहे. ज्या कंपनीचे नाव आपण छायाप्रतीला देऊन टाकले आहे, त्या झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात १९७० च्या दशकात तिची जडणघडण झाली आणि १९८१ च्या 'स्टार' संगणकातून ती बाजारात आली. डेस्कटॉप या शब्दाचा अर्थच मुळी टेबलाचा पृष्ठभाग.

लहान मुलाला कचेरीशी काय कर्तव्य? असा विचार करून 'शुगर' नावाचा लिनक्सवरील निराळाच पडदा तयार झाला. त्यात टेबल नाही. मध्यभागी मूल आणि भोवती त्याचे उद्योग : लिहिणे, रंगवणे, सूर वाजवणे. केलेले काम फोल्डरात ठेवावे लागत नाही, रोजनिशीत आपोआप नोंदले जाते. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत हा पडदा असलेले छोटे संगणक मुलांच्या हाती आले. ज्यांनी दुसरा कोणताच पडदा पाहिला नव्हता, त्यांच्या लेखी संगणक म्हणजे हाच होता.

म्हणून नवा डेस्कटॉप पहिल्या दिवशी 'अवघड' वाटला, तर तो अवघड आहे की केवळ अनोळखी आहे हे त्या दिवशी ठरवू नये. त्याला पंधरा दिवस द्यावे. त्यानंतरही न आवडल्यास तो खुशाल सोडावा. आवडीला पुरावा लागत नाही; मात्र आवडीला नियमाचा दर्जा देऊन दुसऱ्यावर लादण्याचा हक्क कोणाला नाही.

माझी निवड

मी स्वतः एक्सएफसीई वापरतो. माझे यंत्र जुने आहे, त्यामुळे हलकेपणाची गरज खरी आहे. उरलेले कारण आवडीचे : हा डेस्कटॉप सावकाश बदलतो. त्याची ४.१२ ही आवृत्ती २०१५ साली आली आणि पुढची ४.१४ यायला २०१९ उजाडले. मी ठेवलेली पट्टी उद्याही तेथेच असते, हे मला बरे वाटते. याची किंमतही मी मोजतो. नव्या सोयी येथे उशिरा पोचतात. ज्याला पडद्याचा प्रत्येक कोपरा आपल्या मनासारखा करायचा आहे त्याने केडीई पाहावे. ज्याला पडद्याकडे लक्षच द्यायचे नाही, केवळ काम करायचे आहे, त्याला ग्नोम रुचेल.

शिक्षकांसाठी दोन शब्द

चाळीस मुले आणि प्रत्येकाचा पडदा वेगळा, मग शिकवायचे कसे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. त्यावर मला सुचतो तो उपाय असा : पहिले वर्ष सर्वांना एकच पडदा द्यावा. पुढच्या वर्षी प्रत्येक यंत्रावर दोन डेस्कटॉप बसवावेत आणि प्रयोगासाठी प्रत्येक डेस्कटॉपला वेगळे खाते उघडावे, म्हणजे एकाच्या मांडणीचा परिणाम दुसऱ्यावर होणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, नोकरीत विंडोजच लागते, मग हा खटाटोप कशाला? पण विंडोजचा पडदा तरी कोठे स्थिर आहे? १९९५ साली आलेले 'स्टार्ट' बटण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पट्टीवरून गेले, २०१३ मध्ये परत आले आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये डावा कोपरा सोडून मध्यभागी जाऊन बसले. जागा पाठ केलेला विद्यार्थी दर वेळी अडतो. कल्पना समजलेला विद्यार्थी दोन मिनिटांत वाट काढतो.

यात पैशाचाही प्रश्न आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या सर्वसाधारण मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर एखादा हलका डेस्कटॉप बसवून वर दिलेली मोजणी करून पाहावी. ती मुलांनीच करावी आणि निर्णयही त्यांच्या आकड्यांवर व्हावा. एखाद्या यंत्राचे आयुष्य चार वर्षांनी वाढवणारा प्रयोग पाठ्यपुस्तकातील कोणत्याही प्रयोगाइतका मोलाचा आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, वहीत तीन रकाने आखा : 'मोजले', 'सवय' आणि 'आवड'. दोन डेस्कटॉप पंधरा-पंधरा दिवस वापरा आणि प्रत्येक मत योग्य त्या रकान्यात लिहा. शेवटी तुमची निवड माझ्याहून निराळी आली तर उत्तमच. फक्त 'आवड' या रकान्यातले एखादे मत 'मोजले' या रकान्यात शिरले नाही ना, एवढे एकदा तपासून पाहा.