भजी कोण तळतंय?

जून लागला की सगळ्यांच्या मोबाइलवर भजी तळायला सुरुवात होते. वाफाळता चहा, कांदाभजीची बशी, खिडकीबाहेर पाऊस आणि खाली चार ओळींची शायरी. मी उर्दू शिकवते, त्यामुळे ती शायरी निम्म्या वेळा भलत्याच शायराच्या नावावर खपवलेली असते हे लगेच लक्षात येतं. ते सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे. त्या फोटोत बशी असते, कप असतो, पाऊस असतो, पण कढईसमोर उभी असलेली बाई कधीच नसते. फोटो काढणारा बहुधा पुरुष असतो, आणि तो हॉलमध्ये बसलेला असतो.

कोकणातला पावसाळी रविवार ज्यांनी फक्त हॉलमधून पाहिला आहे, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातून दिसणारा रविवार सांगते. चार दिवसांचे कपडे वाळलेले नसतात. पडवीत दोऱ्यांवर दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यावर युनिफॉर्म, चादरी, टॉवेल कुबट वास मारत लोंबत असतात. सोमवारी शाळेत जायचे शर्ट इस्त्री फिरवून फिरवून सुकवावे लागतात, आणि वीज गेली की तेही नाही. मिक्सर बंद, म्हणजे वाटण पाट्यावर. मिठाला पाणी सुटलेलं, डाळीत किडे, चपलांना बुरशी. नळाला गढूळ पाणी येतं, ते फडक्याने गाळून उकळायचं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे उन्हाळ्यात भरून ठेवलेले सोडे, सुकट, बोंबील काढायचे, निवडायचे, भिजवायचे. आणि रविवार म्हणून मटण हवंच. मटण आलं की तांदळाच्या भाकऱ्या आल्या. एवढं सगळं चाललेलं असताना हॉलमधून आवाज येतो, 'काय मस्त पाऊस आहे, जरा भजी टाका.'

टाका! कोण टाका?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या लोकांमध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया 81.2 टक्के निघाल्या आणि पुरुष 26.1 टक्के. जे करतात त्यांचा दिवसातला सरासरी वेळ बायांचा 299 मिनिटं, पुरुषांचा 97. म्हणजे चारांतले तीन पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नव्हते, आणि 97 मिनिटांचा आकडा उरलेल्या एकाचा आहे. 2024 मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायांची मिनिटं 289 झाली, पुरुषांची 88. दोघांचीही कमी झाली म्हणून खूश व्हायचं असेल तर व्हा. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, सगळ्या धर्मांचे आहेत. त्यामुळे 'तुमच्यातच असं असतं का हो?' असं विचारणाऱ्या माझ्या बिगरमुस्लिम मैत्रिणींनी आधी आपल्या हॉलमध्ये एकदा डोकावून यावं.

पण मी आज माझ्या माणसांशी बोलते आहे, कारण आमच्याकडे या आळसाला दीनचा आधार दिला जातो. घरकाम हे औरतचं काम, असं अल्लाहनेच ठरवून दिलंय, असं बोलण्याची पद्धत आहे. मला आलिम असल्याचा दावा करायचा नाही. पण जे प्रत्येक मदरशात शिकवलं जातं तेवढं तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. रसूलुल्लाह घरात असताना काय करायचे, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं. त्यांचं उत्तर बुखारीत आहे: घरच्यांच्या कामात असायचे, नमाजची वेळ झाली की उठून जायचे. इतर रिवायतींमध्ये तपशील आहे, चप्पल स्वतः सांधायचे, कपडे शिवायचे, बकरीचं दूध काढायचे. दाढी सुन्नत, मिसवाक सुन्नत, उजव्या हाताने खाणं सुन्नत, तीन घोटांत पाणी पिणं सुन्नत. मग घरातली ही सुन्नत कुठे ठेवली? माझ्या चाळिशी उलटलेल्या आयुष्यात मी जुम्याच्या बयानचा आवाज लाउडस्पीकरवरून शेकडो वेळा ऐकला आहे. या विषयावर एकही ऐकल्याचं मला आठवत नाही.

लगेच उलट दाखला येतो तो हजरत फातिमांचा. जातं ओढून हाताला घट्टे पडले म्हणून त्या नोकर मागायला गेल्या आणि त्यांना झोपण्याआधी वाचायची तस्बीह शिकवली गेली, 33, 33 आणि 34. आम्हा मुलींना ही गोष्ट लहानपणापासून सांगितली गेली, आणि ती तस्बीह मी आजही वाचते. पण त्याच गोष्टीत हाताचे घट्टे आहेत. दळण्याने हात सोलतात, पाणी वाहून अंग दुखतं, हे तिथे लपवलेलं नाही, हजरत अलींनीही ते पाहिलेलं आहे. आमच्याकडे तस्बीह तेवढी सांगतात आणि घट्ट्यांवरून पुढे सरकतात.

आता फिक्हचं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हनफी मसलक आहे, पण आपण कोकणातले मुसलमान शाफई. शाफई मसलकाच्या किताबांत स्पष्ट आहे की रांधणं, दळणं, धुणं ही बायकोवर निकाहमुळे येणारी जबाबदारी नाही. उलट, ज्या घरात तिच्या हाताखाली नोकर होता अशा घरातून ती आली असेल, तर तिच्यासाठी नोकर देणं नवऱ्यावर येतं. हनफी उलेमा म्हणतात की दीनदारी म्हणून तिने करावं, पण काजी तिच्यावर सक्ती करू शकत नाही. सासू-सासऱ्यांची खिदमत तर सुनेवर वाजिब कुठेच नाही, तो तिचा एहसान आहे. आमच्याकडे फातिहाचा तरीका, नमाजमध्ये हात कुठे बांधायचे, यावरून 'आम्ही शाफई' असं छाती फुगवून सांगतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं की कुणाचा मसलक कुणाला आठवत नाही.

यावर एका सहकारी शिक्षकांनी मला विचारलं, 'मग मॅडम, उद्यापासून बायांनी चुली बंद करायच्या का?' नाही. मी भाकरी थापते, थापत राहीन, मला येतात आणि चांगल्या येतात. जे एहसान म्हणून केलं जातं त्याला फर्ज म्हणून वसूल करू नका, एवढंच म्हणणं आहे.

आणि 'पुरुषांना जमत नाही' हे तर मुळीच सांगू नका. माझे वडील बावीस वर्षं कुवेतला होते. एका खोलीत आठ जण, पाळीने स्वयंपाक, पाळीने संडास धुणं. त्यांच्या हातची डाळ खाऊन गेलेले लोक आजही तिची तारीफ करतात. ती डाळ अम्मीने आयुष्यात कधी चाखली नाही. सुट्टीवर घरी आले की पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात द्यावा लागायचा. कोकणातल्या आखाती घरांमध्ये असे वडील घरटी एक सापडतील. जमातमध्ये तीन दिवस, चाळीस दिवस जाणारे भाऊ घ्या. तिथे खिदमतची पाळी लागते. कांदे चिरतात, देगचीत डाळ शिजवतात, थाळे घासतात, दस्तरखान झटकतात, आणि सवाब समजून करतात. परत आले की घरात चमचा कुठे असतो ते माहीत नसतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये घुसलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या भागातल्या मुलांनी गुडघाभर चिखल उपसला, दुसऱ्यांची भांडी धुतली, देगा चढवून कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला गरम खिचडी दिली. मला त्यांचा अभिमान आहे. पण तेच हात आपल्या घरात चहाचा कप मोरीपर्यंत नेत नाहीत. जमतं सगळं. बाहेर केलं की खिदमत होते, घरात केलं की बायकोचा गुलाम म्हणतात, ही खरी अडचण आहे.

याचा दुसरा परिणाम कुणी बोलत नाही, तो म्हणजे बायांची भांडणं. मागच्या वर्षी जुलैतल्या एका रविवारी आमच्या घरात जे झालं ते बहुतेक घरांत होत असेल. वीज सकाळपासून नव्हती. नणंद मुलांना घेऊन अचानक आली, तिचं येणं आम्हाला आवडतं, पण आठ माणसांचा स्वयंपाक चौदा माणसांचा झाला. दोरीवर जागा करण्यासाठी जाऊने अम्मींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नमाजच्या चादरी अर्धवट ओल्याच काढून घडी केल्या. अम्मी बोलल्या. जाऊ उलट बोलली. मी मध्ये पडले, तर दोघी माझ्यावर. नणंदेला वाटलं आपल्या येण्यावरून चाललंय, तिने रडायला सुरुवात केली. हॉलमध्ये मुलांचे अब्बा आणि माझे दीर. एक जण दुसऱ्याला म्हणाला, 'जाऊ दे, बायकांचं चाललंय.'

बायकांचं काय चाललं होतं? चार बायांवर चौदा माणसांचं काम पडलं होतं आणि चार धडधाकट पुरुष पाय वर घेऊन बसले होते. ते भांडण कुणाच्या नावावर नोंदलं गेलं? सासू-सुनांच्या. सिनेमा, मालिका, लतीफे सगळे याच नोंदीवर चालतात. आमच्या उर्दूतली घरगुती कादंबरीसुद्धा. डेप्युटी नझीर अहमदांची 'मिरात-उल-उरूस' 1869 ची. अकबरी फूहड, असगरी सुघड, दोघी बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. घर बुडालं तर अकबरीमुळे, तरलं तर असगरीमुळे. नवऱ्याला मार्गाला लावणं हेही असगरीच्याच कामांत मोडतं. ती कादंबरी मला प्रिय आहे, तिची दिल्लीची बोली शिकवताना तोंडाला चव येते. पण दीडशे वर्षांनंतरही आम्ही मुली पाहायला जातो तेव्हा मनात असगरीच असते, आणि मुलगा कसा आहे याचं उत्तर एका शब्दात मिळतं, 'नोकरी आहे.'

नोकरी मलाही आहे. आठवड्याचे तास, पेपर, निवडणुकीची कामं, सगळं मलाही आहे. 'बाहेर कमावून आणतो' हे कारण रविवारी तरी लागू पडत नाही, कारण रविवारी दोघंही कमवायला गेलेले नसतात.

सासवांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. मुलाने भांडं उचललं की सर्वांत आधी त्याच ओरडतात, हे खरं आहे. त्या रविवारी मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पाणी भरायला उठवलं तेव्हा अम्मी म्हणाल्या, 'पोराला कशाला उठवतेस, रविवार आहे त्याचा.' बारावीतली मुलगी सकाळपासून पुस्तक मिटून भाकऱ्या भाजत होती. तिने तव्यावरून मान न उचलता विचारलं, 'दादी, माझा कुठला वार आहे?' अम्मींनी उत्तर दिलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. चाळीस वर्षं ज्या बाईला घरातल्या कुठल्याच निर्णयात कुणी विचारलं नाही, तिची हुकूमत चुलीपुरतीच आहे. तिथे मुलगा, नातू येऊ लागले तर ती तरी कुठे जाणार? पण म्हणून नातीचं बारावीचं वर्ष त्यात घालवायचं का? आमच्या शाळेतल्या मुली दहावीला मुलांपेक्षा पुढे असतात, मी दरवर्षी निकाल लावते. पुढे त्यांतल्या कितीतरी गळतात. हुशारी कमी पडली म्हणून नाही, घरी कुणीतरी भाकऱ्या भाजायला हवं असतं म्हणून.

'मदत' हा शब्दही बंद करा. मी बायकोला मदत करतो, असं अभिमानाने सांगणारे नवरे भेटतात. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. ज्या ताटात तुम्ही जेवलात ते धुणं हे दुसऱ्याचं काम कसं?

मी शिक्षिका, त्यामुळे वेळापत्रक केलं. जमातमध्ये खिदमतची पाळी लागते तशी, नावासकट, फ्रिजवर चिकटवलं. पहिल्या रविवारी मुलाने भात करपवला. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दिरांनी आपल्या नावावर चहाचा कप ठेवून डाग पाडला, तो अजून आहे. मुलांच्या अब्बांकडे कपडे आले. पडवीतल्या दोरीच्या वर एक कौल चार पावसाळे गळत होतं, आणि वाळत आलेला कपडा त्याखाली पुन्हा भिजायचा. मी चार वर्षं सांगत होते. कपडे त्यांच्याकडे आल्यानंतर दुसऱ्याच रविवारी त्यांनी शिडी लावली आणि कौल बदललं.