किल्ल्यांचा दुसरा जोड

सिडकोत माझ्या पुतण्याचे करसल्ल्याचे कार्यालय आहे. तिथे सात संगणक विंडोजचे, दोन मॅक, एक लिनक्सवर चालणारा. सगळ्यांच्या फायली रोज रात्री नेटवर्कवरच्या एका पेटीत उतरवण्याचा बेत त्याने मला दाखवला.

"आणि ही पेटी कुठे ठेवणार?"

"इथेच, काका. याच खोलीत."

मला २१ जून २०१२ आठवला. मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, असंख्य फायली जळाल्या. आग कागद आणि संगणक असा भेद करीत नाही.

बँकेत आम्ही तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड दुसऱ्या शाखेत ठेवीत असू. ठरावीक मुदतीने तो मागवून वापरात घेत असू. न वापरलेली किल्ली ऐन वेळी लागेलच, हे कशावरून?

संगणकाचा नियमही तोच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. शिवाय महिन्यातून एकदा तिन्ही प्रकारच्या संगणकांवर एखादी फाईल परत आणून उघडून पाहावी.

खर्च वाढेल, असे पुतण्या कुरकुरला. पण त्या फायली त्याच्या नाहीत. लोकांनी विश्वासाने सोपवलेली ती ठेव आहे. आता एक प्रत, परवलीच्या शब्दाने बंद करून, गुलमंडीच्या घरी राहणार आहे.

वाचकहो, तुमच्या घरच्या फोटोंचा दुसरा जोड कुठे आहे?