काकांची बुलेट ‘ट्रायल्स’ नाही, आणि मी ती करून देणार नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय मोटरसायकलचा वाटेल, पण तो तेवढाच नाही. शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आमच्या किहीमच्या घरी आले. रो-रोने मांडव्याला गाडी उतरवली आणि थेट आमच्या पडवीत. तिथे माझ्या थोरल्या काकांची बुलेट उभी असते. वर वळवलेला सायलेन्सर, कापलेलं मडगार्ड, मागे नेहमीपेक्षा मोठं चेनचक्र. गृहस्थांनी चष्मा वर केला आणि निकाल दिला, “ही ट्रायल्स आहे. पन्नासच्या दशकातली. इंग्लंडची.” मग रक्कम सांगितली. माझ्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त होती. अट एकच, ते देतील ते पार्ट बसवायचे आणि नंबर ‘जरा नीट’ करून घ्यायचा. म्हटलं, नीट म्हणजे? म्हणाले, “पंचिंग करणारे असतात हो. तुम्ही पत्रकार, तुम्हाला काय सांगायचं!”

मला सांगायचं नव्हतं, म्हणूनच तुम्हाला सांगतोय.

आधी ट्रायल्स म्हणजे काय ते. ही शर्यत वेगाची नाही. दगड, ओढा, चिखल, चढ यांतून तोल सांभाळत हळू गाडी काढायची. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, गाडी थांबली किंवा पडली तर पाच. कमीत कमी दंड त्याचा विजय. 1948 मध्ये इटलीतल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये बुलेटच्या नमुना-गाड्यांनी सुवर्णपदकं मिळवली. पुढच्या वर्षी बुलेट बाजारात आली. जॉनी ब्रिटन नावाच्या इंग्रज तरुणाने 1952 आणि 1957 अशी दोनदा स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एनफील्डवर जिंकली. 2019 मध्ये कंपनीने भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाच्या दोन नव्या गाड्या काढल्या, त्या याच इतिहासाच्या नावाने. तेव्हापासून ज्याच्या बुलेटचा सायलेन्सर वर, तो म्हणतो माझी ट्रायल्स.

आता काकांची गाडी. काका वीज मंडळात लाइनमन होते. 1971 साली लष्कराच्या डिस्पोजल लिलावातली बुलेट त्यांनी घेतली. आरसी बुकात जिल्हा कुलाबा लिहिलाय, कारण रायगड हे नाव 1981 नंतरचं. पावसात खारबंदिस्तीच्या बांधांवरून खांब बघत जायचं, तर खाली असलेल्या सायलेन्सरमध्ये पाणी शिरायचं. म्हणून त्यांनी तो वर वळवला. भातशेतीचा चिखल अडकायचा म्हणून मडगार्ड कापलं. गाळात गाडी हळू पण जोरात ओढावी म्हणून अलिबागच्या एका लेथवर जास्त दातांचं मागचं चक्र करून घेतलं. म्हणजे इंग्लंडातल्या कारखान्याने जे ट्रायलसाठी केलं, ते आमच्या काकांनी नोकरीसाठी केलं. दोघांना शिकवणारा चिखल मात्र एकच.

काका गेल्यावर गाडी सात वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. मागची दोन वर्षं चोंढीच्या आमच्या मिस्त्रींबरोबर मी ती उघडतोय. मला डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, इंजिनाचा नाही. पण पत्रकारितेत शिकवलेली एक गोष्ट इथे कामाला आली. कोण म्हणतंय ते बाजूला ठेवा, पुरावा काय ते बघा.

मग बघितलं. कारखान्यातून ट्रायल्स म्हणून निघालेल्या गाडीला पुढचं चाक 21 इंची असतं, आमचं 19 इंची आहे. पन्नासच्या दशकातली ट्रायल्स मॅग्नेटोवर चालायची, आमची बॅटरी-कॉइलवर आहे. फ्रेमवर मागच्या मडगार्डचे लग होते, ते हॅकसॉने कापलेत. कारखाना असं कापत नाही. आणि सायलेन्सर ज्या पट्टीवर टांगलाय, ती पट्टी विजेच्या खांबाच्या क्लॅम्पची आहे! मिस्त्री हसले. म्हणाले, “भाऊ, इंग्लंडात असले खांब नसतील.” चासीवरचा नंबर आणि आरसीतला नंबर मात्र अक्षरशः एकच आहे. तो कोणी छेडलेला नाही. या गाडीची खरी दौलत तीच.

आणखी एक मुद्दा. लष्करात असताना गाडीला आपला नागरी नंबर नसतो. त्यामुळे 1971 ची नोंद ही लिलावानंतरची नोंद. गाडी कधी बनली ते तिच्यावरून कळत नाही. बुलेट 1955 पासून मद्रासच्या कंपनीच्या नावाने इथेच जोडली आणि मग बनवली जाऊ लागली. तेव्हा ‘इंग्लंडची’ हा शब्द कुणी तोंडाने म्हटला म्हणून खरा होत नाही.

आता स्वतःचीही चूक सांगतो. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून मी ‘ओरिजनल अमल कार्ब्युरेटर’ घेतला. नाव सांगत नाही, कारण फसवणारा तो एकटा नाही आणि फसणारा मीही एकटा नाही. घरी आणल्यावर मिस्त्रींनी उजेडात धरला. कोरलेली अक्षरं बोथट, कडा खरबरीत, जेटचा आटा बसेना. जुन्या पार्टवरून साचा काढून ओतलेली ही नक्कल. पैसे गेले. धडा मिळाला तो असा: आधी आटे बघा. जुन्या बुलेटमध्ये इंची आटे. मेट्रिक बोल्ट दाबून कोंबला की आटे मरतात आणि ॲल्युमिनियमची क्रँककेस फुकट जाते. मग अक्षरं बघा. मग नंबर बघा. चकाकी सगळ्यात शेवटी.

इथून पुढे सार्वजनिक प्रश्न सुरू होतो.

केंद्र सरकारने 15 जुलै 2021 ला जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. नवी नोंदणी 20 हजार रुपये, ती 10 वर्षं चालते, पुन्हा नोंदणी 5 हजार. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधी नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. इथपर्यंत ठीक. रोज फिरवायला मला नकोच आहे. जुन्या गाडीचा धूर मीही शहाणपण म्हणून विकणार नाही.

पण अट बघा. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदलासारखी मोठी उलथापालथ नको. ऐकायला चांगलं. आता दोन गाड्या शेजारी उभ्या करा. एक काकांची. लग कापलेत, म्हणजे चासीत बदल, म्हणजे संशयित. पण प्रत्येक बदल कोणी, का, कशासाठी केला ते ठाऊक आहे. दुसरी त्या गृहस्थांच्या मनातली. नव्या ओतीव क्रँककेसवर जुना नंबर मारलेला, विकतची टाकी, विकतचा सायलेन्सर, सगळं चित्रातल्यासारखं. पहिली खरी आहे आणि नापास होऊ शकते. दुसरी खोटी आहे आणि पास होऊ शकते. नियमाचा हेतू हा नक्कीच नव्हता. पण ज्या नियमाला रूप दिसतं आणि पुरावा दिसत नाही, तो नियम नकला करणाऱ्याचा धंदा वाढवतो.

शिवाय 20 हजार भरणारा कोण? ज्याच्या गॅरेजात पाच गाड्या आहेत, तो सहज भरेल. ज्याच्या पडवीत बापाची एक गाडी आहे, तो म्हणेल जाऊ दे, भंगारात घाला. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण तर जोरात आहेच. अशाने पन्नास वर्षांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या गाड्यांचा इतिहास चार बंगल्यांच्या काचेमागे उरेल, आणि तोही अर्धा ओतीव.

काही मित्र म्हणतील, रस्त्यावर खड्डे आहेत, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तू बुलेटवर लिहितोस? खड्ड्यांवरही लिहितो, जुनी पोस्ट काढून बघा. पण कागद एक आणि वस्तू दुसरी, हा आजार एकच आहे. सातबाऱ्यावर जे होतं, तेच इथे चासीवर होतंय. खोटा नंबर चालवून घेणारा समाज खोटा फेरफारही चालवून घेतो.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ आणि स्वस्त:

एक, गाडीच्या आयुष्यात झालेले जुने बदल, त्यांचा फोटो, पावती किंवा साक्षीदार असेल तर, दोष न मानता गाडीच्या नोंदीत लिहिले जावेत.

दोन, तपासणी समितीत हात काळे असलेला एक तरी मिस्त्री असावा. कार्ब्युरेटर उजेडात धरून नक्कल ओळखणारा माणूस फायलीत सापडत नाही.

तीन, दुचाकीला आणि लाखो-कोटींच्या चारचाकीला एकच शुल्क नको.

चार, जुन्या कंपन्यांनी आपले पार्ट-कॅटलॉग आणि नंबरांच्या नोंदी रास्त शुल्कात लोकांना बघू द्याव्यात. नोंद कुलपात असली की बाजारात अफवा विकल्या जातात.

आणि आपण काय करायचं? जुनी गाडी असेल तर फक्त झिजलेलं बदला: रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट, वायरिंग, ब्रेकचं लायनिंग, टायर. काढलेला पार्ट फेकू नका, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. एक वही करा. याच किहीममध्ये 1930 साली सलीम अलींनी सुगरणीची घरटी रोज बघून नोंदी केल्या, म्हणून त्या पाखराचा खरा संसार जगाला कळला. आपल्या गावाला वहीची परंपरा आहे, पंचिंगची नाही.

त्या गृहस्थांना मी नाही म्हटलं. पैसे नको होते असं नाही. मुलीची फी भरायची आहे. पण काकांनी पावसात बांधांवरून गाडी हाकली, खांबावर चढले, गावाला उजेड दिला. त्या गाडीवर मी इंग्लंडचा खोटा जन्मदाखला चिकटवला तर काकांचं काम पुसलं जाईल. खांबाच्या क्लॅम्पची ती पट्टी मी पुन्हा तिथेच बसवली आहे. गंज काढलाय, रंग दिलेला नाही. या गाडीचा योग्य पार्ट तोच आहे.

तुमच्या पडवीत, गोठ्यात, गॅरेजात अशी एखादी गाडी असेल तर विकण्याआधी तिची गोष्ट लिहून ठेवा. आणि कोणी नंबर ‘नीट’ करायला आला, तर त्याला चहा द्या आणि मांडव्याची पुढची बोट किती वाजता आहे ते सांगा.