विद्येचें वाहन

फळा, छापील पुस्तक, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आतां हातांतील भ्रमणध्वनि, इतकीं साधनें आज शिक्षणाच्या दारीं उभीं आहेत. त्यांतून कोणतें घ्यावें, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाहीं. ज्या घरीं भ्रमणध्वनि एक व शिकणारीं भावंडें दोन, त्या घरच्या आईबापांचाहि तो आहे. म्हणून याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

साधन नवें म्हणून श्रेष्ठ, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापून निघालें. देवनागरी खिळ्यांची सोय नसल्यामुळें मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. मुद्रणयंत्र हें तेव्हां या देशांतील नवें साधन होतें. तथापि त्यावरच विसंबून न राहतां फादरांनीं आपला ग्रंथ ओवींत रचला. वाचणारे थोडे असले तरी ओवी ऐकून मुखोद्गत करणारे पुष्कळ होते.

याउलट, १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. हा उद्योग खरोखर अपूर्व होता. परंतु पडदा बोलतो, ऐकत नाहीं. मुलाच्या शंकेसाठीं तो थांबत नाहीं. शिवाय उपग्रह उसना होता, वर्ष सरतांच तो परत गेला.

२०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां हा प्रश्न घरोघरीं येऊन ठेपला. भ्रमणध्वनीवर पाठ सुरू झाले. पण कित्येक घरीं तें यंत्र सकाळींच वडिलांबरोबर कामावर जाई. सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका अशा घरांतहि पोहोंचूं शकली. मात्र तिची वेळ चुकली कीं त्या दिवसाचा पाठ चुकला.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, साधन निवडण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पाठ काय मागतो? विद्यार्थ्याच्या घरीं काय आहे? आणि न समजल्यास त्यास मागें वळतां येतें काय, विचारतां येतें काय? हृदयाच्या झडपांची उघडझांप चलच्चित्रांत जशी दिसेल तशी पुस्तकांत दिसणार नाहीं. कविता आधीं कानांनींच शिकावी. भूमितींतील रचना मात्र फळ्यावरच शोभते. कारण पुस्तकांत आकृति पूर्ण झालेली असते, आणि कोणती रेषा आधीं व कोणती मागून, हें खडूच्या मागोमाग डोळे गेल्यावांचून उमगत नाहीं. त्यानंतर परकार विद्यार्थ्याच्याच हातीं दिला पाहिजे.

पालकांस आमची विनंति आहे कीं, महागडें यंत्र आणून आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. सायंकाळीं घटकाभर मुलाजवळ बसून ‘आज काय शिकलास?’ एवढें तरी पुसावें. विद्यार्थिमित्रांनींहि पाहिलेला पाठ मिटल्या पडद्यावर, आपल्या शब्दांत, वहींत लिहून पाहावा. तो लिहितां येत नसेल तर तो पाठ नुसता पाहिला, शिकला नाहीं, असें समजावें.

प्रभु येशूनें कोळ्यांस जाळ्याचा आणि शेतकऱ्यांस पेरणीचा दाखला दिला. ऐकणाऱ्याच्या हातांत काय आहे हें त्यानें आधीं पाहिलें. आमच्या शाळेनेंहि साधनांची निवड त्याच दृष्टीनें करावी, अशी आमची इच्छा आहे.