मानेला पट्टा की मानेला व्यायाम?

मान धरली की आपल्या घरांतून ठरलेला क्रम सुरू होतो. पहिल्या दिवशी बाम. दुसऱ्या दिवशी उशी बदलायची किंवा उन्हात टाकायची. तिसऱ्या दिवशी कोणीतरी केशकर्तनालयात जाऊन मान 'मोडून' आणायचा सल्ला देतो. मग दवाखाना, मग फोटो, आणि फोटो बघून 'मणक्यात गॅप कमी झालाय' एवढे वाक्य ऐकले की बाईमाणूस निम्मे तिथेच खचते. गळ्यात पट्टा येतो आणि शेजारीपाजारी विचारू लागतात.

या वाक्याने एवढे घाबरण्याचे कारण नाही, हे आम्हाला आधी सांगावेसे वाटते. मानेत सात मणके असतात. चाळिशीनंतर त्यांच्यामधल्या चकत्या थोड्याफार झिजतात, कडेला हाड वाढते. ज्यांची मान कधी दुखली नाही अशा अनेकांच्या फोटोतही हेच दिसते. केस पिकावेत तसे ते आहे. दुखणे बहुतेक वेळा स्नायूंचे आणि सांध्यांचे असते आणि बरेचसे काही आठवड्यांत उतरते. ते पुन्हा पुन्हा का उलटते, हा खरा प्रश्न.

डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर फार जाणवत नाही. तीच हात लांब करून धरा, खांदा लगेच भरून येतो. डोके पुढे झुकवून तासन्‌तास बसलो की मानेमागच्या स्नायूंचे तेच होते. कचेरीतले जुने लोक खतावणीवर वाकत, आता आम्ही संगणकासमोर हनुवटी पुढे काढून बसतो आणि घरी येताना लोकलमध्ये मोबाईलवर वाकतो. घरी बसून कपडे शिवणाऱ्या आपल्या भगिनींचे हाल याहून वाईट. नगावर पैसे, म्हणजे मान वर करायलाही उसंत नाही.

अशा माणसाला डॉक्टर भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, लिहून देतात. इथे मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटते, फिजिओ म्हणजे शेक, करंट आणि मानेला वजन लावणे. दहा दिवस मशीनखाली बसले की झाले. शेकाने बरे वाटते, नाही असे नाही; पण तो आराम बहुधा काही तासांचा. पट्ट्याचेही तसेच. अपघात किंवा शस्त्रक्रियेनंतर सांगितला असेल तर तो सांगितला तसाच वापरावा. साध्या दुखण्यात महिनोन्‌महिने गळ्यात बाळगला की स्नायू आयते बसून आणखी दुबळे होतात. टिकाऊ काम व्यायाम करतात, आणि नेमके तेच आपण दोन दिवस बरे वाटले की सोडून देतो. वाणिज्य शाखेच्या माणसाला हिशेब सुटत नाही: रिक्षाभाडे, बुडालेली मजुरी, मशीनची फी हे सारे खर्ची पडले आणि जमेला काय, तर संध्याकाळपर्यंतचा आराम.

म्हणून आमचे सांगणे असे की, पहिल्याच दिवशी फिजिओला स्पष्ट बोलावे. 'मी दिवसाला आठ तास मशीन चालवते', 'मी डोक्यावर पाट्या वाहतो', 'मला रोज येणे परवडणार नाही'. यात लाजण्यासारखे काही नाही. त्यांना कामाची कल्पना आली तर ते व्यायाम त्याप्रमाणे बसवतात. व्यायाम समोर करून दाखवायला सांगावे, आपण त्यांच्यासमोर करून दाखवावा आणि किती वेळा करायचा ते कागदावर लिहून घ्यावे.

व्यायाम अगदी साधे असतात. ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यायची, जणू डोके मागच्या भिंतीला टेकवायचे आहे. पाच मोजेपर्यंत धरून सोडायचे, असे दहा वेळा. तळहात कपाळावर ठेवून दोन्हीकडून हलका दाब द्यायचा, मान हलू द्यायची नाही. तसेच दोन्ही बाजूंनी आणि मागून. खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ ओढायची. थोडे ताणल्यासारखे वाटले तर चालते. कळ हातात उतरली तर थांबून विचारावे. रोजची पंधरा मिनिटे लागतात. ती घरच्या बाईला कोण देणार? तेवढा वेळ नवऱ्याने किंवा मुलाने कणीक मळली तर काही बिघडत नाही.

मान कोणाकडूनही झटका देऊन मोडून घेऊ नये. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या शिरा जातात. क्वचित का होईना, अशा झटक्याने त्यांना इजा होऊन अर्धांगवायूपर्यंत मजल गेलेली आहे. हाताची पकड सैल पडणे, बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, तापाबरोबर मान ताठणे, पडल्यानंतर मान दुखणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम करत बसू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

खाजगी फी परवडत नसेल त्यांच्यासाठी मुंबईत केईएम, नायर, शीव या महापालिका रुग्णालयांत भौतिकोपचाराचे विभाग आहेत. केईएममध्ये तर हे शिक्षण १९५३ पासून चालू आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची १९५५ साली स्थापन झालेली भौतिकोपचार व पुनर्वसनाची संस्था आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. रांग असते, म्हणून सकाळी लवकर जावे. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जाताना केसपेपर आणि व्यायाम लिहिलेला तो कागद सोबत ठेवावा, आणि कोणता व्यायाम जमला नाही तेही न संकोचता सांगावे. तो बदलून देता येतो.